वाटणे आणि मळणे : नागपूरच्या दक्षिण वेशीवरील स्वयंपाकघरांचा इतिहास

घरासाठी फूड प्रोसेसर घ्यावा की स्टँड मिक्सर, हा प्रश्न आज दुकानात किमतीच्या आणि वॉटच्या आकड्यांवरून सोडवला जातो. परंतु नागपूर परिसरापुरते पाहिले तर त्याचे उत्तर ही दोन्ही यंत्रे येण्याच्या पुष्कळ आधी, घरातील दगडी साधने कोणत्या क्रमाने वापरातून गेली यावरून, बहुतांशी ठरून गेले होते. फूड प्रोसेसर म्हणजे पसरट भांड्याच्या तळाशी फिरणाऱ्या पात्याने आणि वर बसवलेल्या चकत्यांनी चिरणे, किसणे, वाटणे आणि थोडीफार कणीक भिजवणे अशी अनेक कामे करणारे यंत्र होय, तर स्टँड मिक्सर म्हणजे उभ्या खांबाच्या डोक्यातून खाली लोंबणाऱ्या आकड्याने किंवा तारांच्या फेटणीने भांड्यातील पीठ मळणारे, लोणी-साखर किंवा साय फेसणारे यंत्र होय. पहिल्याचे मूळ काम कापण्या-वाटण्याचे आहे आणि दुसऱ्याचे मळण्या-फेटण्याचे. वऱ्हाड-नागपूरकडील स्वयंपाकात ही दोन कामे कधीच एकाच साधनाची नव्हती, त्यांना लागणारी अंगमेहनत एका जातीची नव्हती आणि त्यांपैकी बायकांना आधी टाकून द्यावेसे वाटले ते काम वाटण्याचे होते.

या बदलाचा माग घेण्यास हुडकेश्वर ही जागा विशेष सोयीची आहे. नागपूरच्या दक्षिणेस, म्हाळगीनगर चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावरील हे गाव बुद्रुक आणि खुर्द अशा दोन भागांचे असून, शेजारच्या नरसाळ्यासह त्याचा समावेश महानगरपालिकेच्या हद्दीत चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. त्याआधीच शेते मोडून भूखंड पाडण्याचे, म्हणजे नागपुरी बोलीत ‘लेआउट टाकण्याचे’, काम येथे जोरात चालू झाले होते. परिणामी गावठाणातील अंगणाची जुनी घरे, लेआउटमधील स्लॅबची घरे आणि मुख्य रस्त्यालगतच्या सदनिका अशी तीन काळांतील स्वयंपाकघरे हाकेच्या अंतरावर नांदू लागली. एरवी इतिहासकाराला तीन पिढ्यांच्या अंतराने शोधावी लागणारी साधने येथे एकाच वस्तीत, कधी एकाच घराच्या ओट्यावर आणि परसात, एकमेकांच्या जोडीने आढळतात.

यांतील सर्वांत जुने साधन पाटा-वरवंटा हे होय. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात धान्य रगडण्याचे दगडी पाटे आणि त्यांवर फिरवण्याचे रगडणदगड मिळालेले आहेत, म्हणजे सपाट दगडावर दुसरा दगड मागेपुढे सरकवण्याची ही क्रिया महाराष्ट्रात किमान तीन हजार वर्षे चालत आलेली आहे. नागपूर हे दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व कडेवर वसलेले शहर आहे. सीताबर्डीची टेकडी याच खडकाची आहे, तर पूर्वेकडे आणि उमरेडकडे जाताना वालुकाश्म व अतिप्राचीन पट्टिताश्म लागतात. पाट्यासाठी दगडाची जात महत्त्वाची असते: पाटा चांगला तो, जो कणखर असूनही किंचित सच्छिद्र असतो, कारण त्याची झीज मसाल्यात उतरता कामा नये आणि तरीही त्याचा पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत होऊन चालत नाही.

गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण घसरते, म्हणून छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक खाचा पाडाव्या लागत. याला पाटा टाकवणे म्हणत. हे काम करणारे भटके कारागीर गावोगाव फिरत असत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात, वऱ्हाडातील पारध्यांपैकी जात्याचे दगड घडवून व टाकवून पोट भरणाऱ्या टाकणकारांची नोंद आहे. ब्रिटिश अमदानीत अशा अनेक भटक्या समूहांवर गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. ज्यांच्या छिन्नीवाचून एकाही घरात चटणी वाटली जात नव्हती, त्या लोकांच्या कसबाचा, हत्यारांचा आणि मजुरीचा तपशील पाककलेच्या पुस्तकांत जवळपास कोठेही सापडत नाही, ही या विषयाच्या लेखनातील मोठी उणीव मानावी लागेल.

दगडी साधने वापरातून गेली ती एकदम नव्हे. प्रथम गेले जाते, कारण त्याची गोल फिरण्याची गती यंत्राला सहज पेलणारी होती आणि धान्य कोरडे असल्याने ते घराबाहेर नेऊन दळून आणता येत होते. नागपूरकडे जिला ‘चक्की’ म्हणतात ती पिठाची गिरणी, प्रथम तेलाच्या इंजिनावर आणि नंतर विजेवर, वस्तीत आली की पहाटेचे दळण संपत असे. जात्याबरोबर ओव्याही थांबल्या. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांतून सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यावरून त्या पहाटेच्या कामाबरोबर किती मोठे वाङ्मय नाहीसे होऊ शकले असते याची कल्पना येते. मात्र त्या ओव्यांतील दुःख वाचल्यावर जात्यासाठी हळहळणे कठीण जाते. चक्कीने बायकांची झोप त्यांना परत दिली, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

त्यानंतर उखळ-मुसळाची पाळी आली. भात सडण्याचे काम भातगिरणीने घेतले आणि तिखट कुटण्याचे कांडप यंत्राने. हुडकेश्वरच्या दृष्टीने हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते, कारण जवळून जाणारा उमरेडचा रस्ता पुढे भिवापूरला पोचतो आणि भिवापूरची मिरची विदर्भात रंग व तिखटपणा यांसाठी नावाजलेली असून तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. भिवापूरकडे मिरची वाळवून, बायकांकडून देठे खुडून घेण्याच्या जागेला ‘सातरा’ म्हणतात. या मिरचीचे वर्षाचे तिखट उन्हाळ्यात एकदाच करायचे असल्याने ते गिरणीवर नेणे परवडत होते, परंतु रोजचे ओले वाटण गिरणीवर नेता येत नव्हते. आले, लसूण, ओली मिरची, भिजवलेली डाळ, भाजलेला कांदा आणि खसखस हे जिन्नस वाटताक्षणी वापरावे लागतात, नाहीतर काळे पडतात किंवा आंबतात. म्हणून जाते आणि उखळ गेल्यावरही पाटा राहिला, आणि विजेच्या घरगुती यंत्राला महाराष्ट्रात पहिली खरी जागा मोकळी होती ती पाट्याच्या ठिकाणी.

पाट्याची मागेपुढे सरकणारी गती मात्र यंत्रात उतरवणे अवघड होते. तमिळ प्रदेशात इडली-दोशाचे पीठ गोल फिरणाऱ्या दगडी आट्टुकल्लात वाटले जाई, त्यामुळे कोइंबतूरच्या कारागिरांना १९५०च्या दशकात दगड तसाच ठेवून त्याला मोटर जोडता आली आणि त्यातून वेट ग्राइंडरचा मोठा उद्योग उभा राहिला. महाराष्ट्रात हा मार्ग खुला नव्हता. येथे दगड सोडून पात्याकडे जावे लागले, आणि पाश्चात्त्य पातेही थेट उपयोगी पडले नाही, कारण परदेशी मिक्सर फळांचा रस आणि सूप यांच्या हिशेबाने बनवलेले होते. हळकुंड, सुके खोबरे, भिजलेली उडीद डाळ यांपुढे त्यांच्या मोटरी जळत. मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांनी, पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच जळाल्यानंतर, १९६०च्या दशकात भारतीय वाटणाला टिकेल अशी मोटर आणि तिला साजेशी पाती तयार केली. ‘सुमीत’ या नावाने आलेल्या त्या यंत्राने देशभर मिक्सर या वस्तूचा साचाच ठरवून दिला. अधिक ताकदीची मोटर, कोरड्या व ओल्या वाटणासाठी वेगळी भांडी आणि चटणीचे छोटे भांडे, ही आजची रचना त्याच परंपरेतील आहे.

हा मिक्सर नागपूरच्या घरांत येण्यास दोन गोष्टी घडाव्या लागल्या, एक म्हणजे वीज आणि दुसरी म्हणजे उभ्याने करायचा स्वयंपाक. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. वीज जवळ तयार होत असली तरी ती स्वयंपाकाच्या वेळी घरात असेलच असे नव्हते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागाला शहरापेक्षा अधिक तास वीज नाकारली जात होती आणि नुकत्याच वस्ती झालेल्या शहराबाहेरच्या भागांत पाटा फेकून न देण्याचे ते एक अगदी व्यवहारी कारण होते.

दुसरा बदल अधिक खोल होता. चुलीसमोर पाटावर बसून स्वयंपाक करणारी बाई पाट्यासमोर बसून अंगाचा भार वरवंट्यावर टाकू शकत असे, पण गॅसच्या शेगडीबरोबर कमरेइतक्या उंचीचा ओटा आला आणि जमिनीवरच्या साधनांची स्वयंपाकघरातील जागाच गेली. ओट्यावर पाटा ठेवून उभ्याने वाटता येत नाही, कारण जोर खांद्यावर येतो. सदनिकेत तर खालच्या मजल्यावर आवाज जातो. पाटा आधी मोरीत गेला, नंतर गॅलरीत आणि अखेरीस परसात किंवा गच्चीवर. लग्नाआधी घाणा भरताना उखळ-मुसळ आणि जाते यांची पूजा, बारशाला वरवंट्याला कुंची-टोपडे घालून पाळण्याखालून-वरून देणे, या प्रसंगांना मात्र त्यांची आठवण होते, आणि ज्या घरात ती नसतात तेथे शेजारून मागून आणली जातात.

पाटा आणि मिक्सर यांत केवळ श्रमाचा फरक आहे असे समजणे चुकीचे ठरेल. वरवंटा पदार्थाला दोन दगडांमध्ये चेपून घासतो. त्यामुळे खसखशीचे कवच फुटते, खोबऱ्याचे तेल सुटते आणि वाटण जवळजवळ पाण्यावाचून लोण्यासारखे होते. मिक्सरचे पाते मिनिटाला सुमारे अठरा ते वीस हजार फेरे घेऊन कापते. कापलेला कण पुन्हा पात्याखाली येण्यासाठी भांड्यात भोवरा तयार व्हावा लागतो, आणि भोवऱ्यासाठी पाणी लागते. नागपूरच्या सावजी रश्श्यात हा फरक सहज ओळखू येतो. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून आलेल्या या रश्श्याचा सगळा जीव भाजून वाटलेल्या मसाल्यात आहे. पाण्याने सैल झालेले वाटण तेलात पडले की आधी पाणी आटावे लागते आणि तोवर तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारे तेल, सुटत नाही. पाट्यावरचे घट्ट वाटण लगेच परतले जाते. म्हणून मिक्सरवर वाटणाऱ्या जाणत्या बायका पाण्याऐवजी थोडे तेल घालतात किंवा थांबून-थांबून, भांड्याच्या कडेचे खाली ओढत, यंत्र फिरवतात. पाट्याची सवय असलेल्या हातांनी नव्या यंत्राला लावलेली ही शिस्त आहे.

मिक्सरबरोबर दुरुस्तीचा नवा धंदाही आला. कोळशाचे ब्रश झिजणे, भांड्याखालचा रबरी कपलर फाटणे, पात्याचे बुश सैल होऊन पाणी गळणे, पात्याची धार जाणे ही कामे वस्त्यांतील छोटी दुकाने आणि दारोदार फिरणारे कारागीर करतात. टाकणकाराची छिन्नी जे करत होती तेच, म्हणजे झिजलेल्या साधनाला पुन्हा धरायला शिकवणे, हे काम आता धार लावणाऱ्याकडे आले आहे. 

फूड प्रोसेसर या पार्श्वभूमीवर आला. त्याचा उगम फ्रान्समधील उपाहारगृहांत आहे; तेथे पियेर व्हेर्दाँ यांनी १९६०च्या सुमारास हॉटेलांसाठी ‘रोबो-कूप’ हे यंत्र केले, पुढे त्याची घरगुती आवृत्ती निघाली, आणि कार्ल सोन्थायमर यांनी १९७३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘क्विझिनार्ट’ या नावाने ते अमेरिकेपुढे मांडले. भारतात हे यंत्र जसेच्या तसे चालले नाही. येथील उत्पादकांनी मिक्सरचीच मोटर घेतली, तिच्यावर वाटणाची भांडी कायम ठेवली आणि त्यांच्या जोडीला दंतचक्रांनी वेग कमी केलेले एक मोठे भांडे दिले, ज्यात चकत्या बसवून काकडी-गाजर किसता येते आणि प्लास्टिकचे बोथट पाते बसवून कणीक भिजवता येते. अमेरिकन घरात फूड प्रोसेसर आणि रस-सुपाचा मिक्सर या दोन वेगळ्या वस्तू होत्या, पण भारतीय घरात फूड प्रोसेसर म्हणजे वाढवलेला मिक्सर ठरला. मिक्सरने पाट्याची जागा घेतलेली असल्यामुळे ज्या यंत्रात पाट्याचे काम होत नाही ते यंत्र घरातील मुख्य यंत्र होऊच शकत नव्हते, आणि स्टँड मिक्सरची अडचण नेमकी हीच होती, कारण त्याच्या भांड्यात चटणी होत नाही.

कणीक मात्र बराच काळ हाताखालीच राहिली आणि तशी राहण्याला सबळ कारणे होती. चारपाच माणसांच्या एका वेळच्या पोळ्यांना परातीत पाचसात मिनिटांत कणीक भिजते. यंत्राची जोडणी आणि धुणे यालाच तितका वेळ लागतो. शिवाय चक्कीच्या दगडांमध्ये दळलेल्या गव्हाच्या पिठातील पिष्टाचे कण बऱ्याच प्रमाणात दुखावलेले असल्याने ते पाणी अधिक शोषते, आणि किती शोषेल हे गव्हाच्या जातीवर, दळणाच्या बारीकपणावर व हवेवर अवलंबून असते. तळव्याला हे कळते, पात्याला कळत नाही. फूड प्रोसेसरचे पाते मिनिट-दोन मिनिटांत गोळा करून देते, पण घर्षणाने तो कोमट होतो आणि नंतर तेल लावून झाकून ठेवावा लागतो. विदर्भातील जाड, पुरणाने ठासून भरलेल्या पुरणपोळीसाठी लागणारी सैल, तेल-पाण्यात तिंबलेली कणीक, म्हणजे मुठींनी वारंवार आपटून-दाबून लवचीक केलेली कणीक, अनेक घरांत आजही हातानेच होते. तिच्यातील पुरण मात्र पाट्यावरून हाताने फिरवायच्या पुरणयंत्रात आणि तेथून मिक्सर किंवा प्रोसेसरमध्ये केव्हाच गेले. एकाच पदार्थाचे सारण यंत्राने आणि आवरण हाताने, ही विभागणी या सर्व इतिहासाचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

स्टँड मिक्सर ज्या गरजेतून जन्मला ती येथे नव्हती. अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या होबार्ट कंपनीतील अभियंता हर्बर्ट जॉन्स्टन यांनी पावाच्या कारखान्यांसाठी १९१४ मध्ये मोठे यंत्र केले, ते नौदलाच्या जहाजांवरील भटारखान्यांत गेले आणि १९१९ मध्ये ‘किचनएड’ नावाने घरगुती आवृत्ती निघाली; ब्रिटनमध्ये केनेथ वुड यांचा ‘केनवुड शेफ’ १९५० साली आला. या यंत्रांची खुबी ग्रहगतीत आहे: आकडा स्वतःभोवती एका दिशेने फिरत असताना त्याचा आस भांड्याच्या मध्याभोवती उलट दिशेने फिरतो, जसा ग्रह स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे भांडे स्थिर असूनही त्याच्या प्रत्येक भागातील पिठाला आकडा भेटतो. वेग कमी आणि पकड दांडगी असल्याने गव्हातील प्रथिनांचे चिवट जाळे, म्हणजे ग्लुटेन, न तापता हळूहळू ताणले जाते. परंतु पाव विकत आणणाऱ्या समाजात एवढे पीठ घरी मळण्याचे कारण नव्हते, आणि दोन-तीन वाट्या कणीक मोठ्या भांड्याच्या तळाशी पडली तर आकडा तिला नीट पकडतही नाही.

ते कारण अलीकडे निर्माण झाले आणि ते स्वयंपाकातून नव्हे, धंद्यातून आले. शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये राहणाऱ्या, बाजारपेठेपासून दूर पडलेल्या स्त्रियांना घरच्या घरी केक करून विकणे हा भांडवलास झेपणारा व्यवसाय सापडला. ऑर्डर वाढल्या की आधी हातात धरायचा बीटर येतो, आणि व्हिपिंग क्रीम दिवसातून कित्येकदा फेसावी लागू लागली, विशेषतः नागपूरच्या उन्हाळ्यात भांडे बर्फात ठेवून, की स्टँड मिक्सर घेण्याचा विचार सुरू होतो. अशा घरात तो फूड प्रोसेसरचा पर्याय म्हणून येत नाही. मिक्सर ओट्यावर तसाच राहतो आणि हे दुसरे यंत्र दुकानातील तराजूसारखे कमाईचे साधन म्हणून वेगळ्या टेबलावर बसते. म्हणून या भागात दोहोंपैकी एकाची निवड करायची झाल्यास ती रुचीने किंवा ऐपतीने कमी आणि त्या घरातील बाई रांधते की विकते यावरून अधिक ठरते.

असे असले तरी स्टँड मिक्सरला साजेसे एक काम नागपूरमध्ये पूर्वीपासून आहे, आणि ते म्हणजे लांब रोटी. चाळून घेतलेल्या बारीक गव्हाच्या पिठात मीठ व भरपूर पाणी घालून ते परातीत दीर्घकाळ उचलून आपटतात. प्रथम हाताला चिकटणारा लगदा हळूहळू सुटा होतो, चकाकतो आणि उचलला की न तुटता लोंबतो. मग एक गोळा या हातावरून त्या हातावर घेत, मनगटापासून कोपरापर्यंत आपल्याच वजनाने ओघळू देत पसरवतात आणि विस्तवावर उपड्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर टाकतात. येथे लाटणे नाही, पोळपाट नाही. सगळी रोटी ग्लुटेनच्या ताणावर उभी आहे आणि हा ताण आणणे हेच आकड्याचे काम आहे. तरीही रस्त्याकडेला किंवा लग्नसमारंभात मजुरीवर रोट्या करणाऱ्या बायकांकडे हे यंत्र पोचलेले नाही. घरगुती यंत्राचे भांडे त्यांच्या एका वेळच्या पिठाला पुरत नाही, बेकरीचे यंत्र त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि काम उघड्यावर, लाकडाच्या विस्तवापाशी चालत असल्याने विजेचा प्लगही जवळ नसतो. वाटणाऱ्या हातांसाठी मुंबईत एका अभियंत्याने मोटर नव्याने घडवली, पण रोटीच्या पिठासाठी परात, दोन मुठी आणि खांद्यांचे बळ हीच साधने अजूनही चालू आहेत. आणि या बायकांची मजुरी सहसा रोट्यांच्या हिशेबाने ठरत असल्याने पीठ आपटण्यात गेलेल्या वेळाचे वेगळे पैसे त्यांना मिळत नाहीत.